विशाळगड नसलेल्या खिंडी : व्हिएतनामी ठाण्यांचे काही अल्पखर्ची बोलपट

एखाद्या वाङ्मयीन मासिकाने युद्धाच्या बोलपटांचा, आणि त्यांतही अल्प भांडवलावर घाईने काढलेल्या बोलपटांचा परामर्श घ्यावा, हे आमच्या काही वाचकांस रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. घरातील वडीलधारी माणसे या चित्रांकडे बंदुकांचा धूर आणि आरडाओरडा म्हणून पाठ फिरवितात, आणि मुले नेमक्या त्याच कारणासाठी ती पाहावयास बसतात. त्यांत विचार करण्याजोगे काही असेल, असे दोघांपैकी कोणासच वाटत नाही. आमचेही मत पुष्कळ वर्षे असेच होते. परंतु व्हिएतनामच्या युद्धातील एकाकी ठाण्यांवर रचलेले काही बोलपट लागोपाठ पाहण्याचा योग नुकताच आला, आणि या मताचा फेरविचार करणे आम्हांस भाग पडले. त्या फेरविचाराचा हिशेब वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

या बोलपटांचा सांगाडा सर्वांच्या परिचयाचा आहे. रानात कोठेतरी एक ठाणे असते. भोवती काटेरी तारा, मातीने भरलेली पोती, एक-दोन उखळी तोफा आणि मूठभर शिपाई. शत्रू झाडीत आहे. तो दिसत नाही, पण त्याची चाहूल लागते. दोन-तीन रात्री लहानसहान झटापटींत जातात. मग एके रात्री शत्रू सर्व बळानिशी चालून येतो, तारा तुटतात, खंदक पडतात, आणि शेवटी ठाणे राहते तरी किंवा जाते तरी. या सांगाड्यास फार पैसा लागत नाही. एक टेकडी, थोड्या झोपड्या, गणवेश आणि दारूगोळ्याचे भडके एवढ्यावर काम भागते. अल्प भांडवलाच्या निर्मात्यांना हा विषय वारंवार का सुचतो, याचे पहिले कारण हे असे अगदी व्यावहारिक आहे.

दुसरे कारण मात्र मनुष्यस्वभावात आहे. थोड्यांनी पुष्कळांना अडवून धरल्याची कथा ऐकावयास कोणत्याही समाजास आवडते. ग्रीकांनी थर्मोपिलीची कथा अडीच हजार वर्षे जपली. आमच्याकडे १६६० सालच्या घोडखिंडीची कथा ऐकल्यावाचून कोणतेही मूल मोठे होत नाही. परंतु या कथांचा आपणांवर जो परिणाम होतो, तो केवळ शौर्यामुळे होतो काय? बाजीप्रभू खिंडीत उभे राहिले, त्यांच्या पाठीमागे विशाळगड होता. महाराज गडावर पोहोचल्याच्या तोफा झाल्या की आपले काम संपले, हे तेथे लढणाऱ्या प्रत्येक बांदल मावळ्याला ठाऊक होते. खिंड राखावयाची ती कोणासाठी, कोठवर आणि कशासाठी, या तिन्ही प्रश्नांना तेथे उत्तर होते. त्या तोफांचे आवाज कथेतून काढून टाकले, तर शौर्य तेच राहील, रक्तही तेवढेच सांडेल, पण उरेल ती केवळ एक कत्तल.

व्हिएतनामी ठाण्यांच्या बोलपटांची परीक्षा आमच्या मते याच एका कसोटीवर करावयास हवी. पडद्यावरील शिपाई शूर आहेत की नाहीत, हा प्रश्न गौण होय. शूर ते बहुधा असतातच. त्यांच्या पाठीमागे विशाळगड आहे काय, आणि नसेल, तर ते प्रांजळपणे सांगण्याचे धैर्य बोलपटात आहे काय, हा खरा प्रश्न. आणि येथेच आम्हांस एक अनपेक्षित गोष्ट आढळली. ज्यांच्यापाशी पैसा होता, त्यांनी हा प्रश्न टाळला. ज्यांच्यापाशी तो नव्हता, त्यांनी तो विचारला.

श्रीमंत बोलपटाचे उदाहरण म्हणून जॉन वेन याच्या १९६८ सालच्या ‘द ग्रीन बेरेज’ या चित्राकडे पाहावे. अमेरिकेच्या सेनाखात्याने त्यास सढळ हाताने मदत केली. जॉर्जिया संस्थानातील फोर्ट बेनिंग या छावणीच्या आवारात त्याचे चित्रीकरण झाले. विमाने, हेलिकॉप्टरे, कवायती शिपाई यांस तोटा नव्हता. त्याच्या पूर्वार्धाच्या अखेरीस ठाण्यावरील हल्ल्याचा मोठा प्रसंग आहे. ठाणे पडते, आणि लगेच आकाशातून अग्निवर्षाव होऊन ते परत हाती येते. प्रारंभी शंका घेणारा एक वार्ताहर हे सर्व पाहून निःशंक होतो. ठाणे कशासाठी राखावयाचे, हे कथेने शोधावयाचे असते. येथे ते पहिल्याच प्रसंगात व्याख्यानासारखे सांगून टाकलेले आहे, आणि पुढचा सारा खटाटोप त्या व्याख्यानास चित्रे जोडण्यासाठी आहे. या बोलपटाच्या शेवटी एका अनाथ मुलाचा हात धरून नायक समुद्रकिनाऱ्याने चालतो आणि समोर सूर्य समुद्रात मावळतो. व्हिएतनामच्या त्या किनाऱ्यावर समुद्र पूर्वेस आहे, हे पुष्कळांनी हसून दाखवून दिले आहे. आम्हांस त्या चुकीचे हसू येत नाही. ती आम्हांस सूचक वाटते. ज्याने उत्तर आधीच ठरविले, त्याला दिशा पाहण्याची गरज उरत नाही.

दारिद्र्य हा कलेचा गुण आहे, असे मात्र आमचे म्हणणे नाही. अल्प भांडवलाच्या बहुतेक युद्धपटांत दारिद्र्याने दारिद्र्यच निपजते. तेच स्फोट पुन्हा पुन्हा दिसतात, तोच एक रागीट सार्जंट, तेच एक घाबरट पोर आणि पत्र हातात घेऊन मरणारा तोच शिपाई. १९८८ सालचा ‘प्लाटून लीडर’ हा बोलपट एका प्रत्यक्ष लढलेल्या अधिकाऱ्याच्या आठवणींवर आधारलेला असून चित्रित झाला दक्षिण आफ्रिकेत. पण मुळातील अनुभवाचा कस त्यात उतरलेला दिसत नाही, उतरली ती ठराविक साहसकथा. तथापि एखादा विचारी दिग्दर्शक असला, तर हीच अडचण त्याच्या उपयोगी पडते. मोठी सैन्ये दाखविता येत नाहीत, म्हणून तो मूठभर माणसांचे चेहरे दाखवितो. शत्रूच्या पलटणी उभ्या करता येत नाहीत, म्हणून तो रानाचा काळोख दाखवितो, आणि ठाण्यातील माणसासही प्रत्यक्षात बहुधा काळोखच दिसत असतो. लढाई फार वेळ चालविता येत नाही, म्हणून तो लढाईच्या आधीचे बोलणे लांबवितो. आणि बोलता बोलता कोणीतरी विचारतोच की, आपण येथे का आहोत?

हा प्रश्न सर्वांत नेटकेपणाने विचारणारा बोलपट म्हणजे टेड पोस्ट यांनी दिग्दर्शित केलेला, १९७८ सालचा ‘गो टेल द स्पार्टन्स’. डॅनियल फोर्ड यांच्या १९६७ सालच्या कादंबरीवर वेंडेल मेज यांनी त्याची पटकथा रचली. व्हिएतनामचे अरण्य म्हणून यात जे दिसते, ते वस्तुतः कॅलिफोर्नियात लॉस एंजलिसच्या उत्तरेस असलेले रान आहे. चित्रीकरण महिनाभरात उरकावे लागले. पैसा अपुरा पडला तेव्हा प्रमुख नट बर्ट लँकेस्टर याने पदरची रक्कम घालून काम तडीस नेले. त्याच साली ‘द डिअर हंटर’ आणि पुढच्या साली ‘अपोकॅलिप्स नाउ’ हे मोठे बोलपट गाजले, आणि हा लहान बोलपट बाजूस पडला. आमच्या मते तो त्या दोहोंइतका भव्य नाही, पण त्या दोहोंपेक्षा अधिक समंजस आहे.

कथा १९६४ सालची, म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या पलटणी व्हिएतनामात उतरण्यापूर्वीची. त्या वेळी अमेरिकन अधिकारी ‘सल्लागार’ या नावाने तेथे होते. मेजर बार्कर हा दोन युद्धे पाहिलेला, बढती अडलेला, थकलेला पण डोळस अधिकारी. म्युक वा नावाच्या एका ओस ठाण्यावर शिबंदी बसवावी, असा त्यास वरून हुकूम येतो. या ठाण्याचा उपयोग काय, हे कोणी सांगू शकत नाही. बार्करलाही तो दिसत नाही. पण हुकूम हा हुकूम. तो काही अमेरिकन आणि बरीचशी स्थानिक शिबंदी तिकडे धाडतो. या शिबंदीत भाडोत्री लोक आहेत, आणि साध्या शेतकऱ्यांच्या हाती बंदुका देऊन केलेले शिपाईही आहेत. ठाण्याला लागूनच फ्रेंच शिपायांचे कबरस्तान आहे. तेथे तीनशेवर फ्रेंच सैनिक पुरलेले आहेत, आणि थर्मोपिलीच्या स्मारकलेखाची आठवण देणारा एक फ्रेंच लेख प्रवेशाशी आहे. बोलपटाचे नाव त्याच लेखावरून आले.

दिग्दर्शकाची समज येथे दिसते. स्पार्टाच्या वीरांचे नाव घेऊन आपल्या शिपायांस मोठे करण्याचा मोह सहज झाला असता. परंतु हा बोलपट ती तुलना उलटी करून दाखवितो. स्पार्टन ज्या खिंडीत पडले, ती त्यांच्या देशाची वाट होती. म्युक वाचे ठाणे कोणाचीच वाट अडवीत नाही. ठाणे बसविले म्हणूनच शत्रूचे तिकडे लक्ष जाते, आणि शत्रूचे लक्ष गेले म्हणून ठाणे राखणे आवश्यक ठरते. वरिष्ठांस नकाशावर एक खूण हवी असते. प्रांताच्या देशी अधिकाऱ्यास राजधानीतील संभाव्य बंडाळीच्या भीतीने आपली फौज जवळ ठेवावयाची असते. आणि या दोहोंच्या कात्रीत ठाण्यातील माणसे मरतात. कोरियात लढून आलेला एक सार्जंट लढाईच्या आधीच मनाने संपलेला असतो. तो स्वतःच्या हाताने जीव देतो. या आत्महत्येवर दिग्दर्शक अश्रू ढाळीत नाही, आणि व्याख्यानही देत नाही.

या सर्वांत कोर्सी नावाचा एक तरुण आहे. सक्तीच्या भरतीतून सैन्यात आलेला हा सुशिक्षित पोरगा आपण होऊन व्हिएतनामला आलेला आहे. ठाण्याजवळ सापडलेल्या भुकेल्या गावकऱ्यांना तो आत घेऊन जेवू घालतो; त्यांच्यातील काही शत्रूचेच हस्तक निघतात. परंतु त्यामुळे त्याची दया मूर्खपणाची ठरली, असे बोलपट म्हणत नाही, आणि शहाणपणाची ठरली असेही म्हणत नाही. आता या बोलपटाचा कळस पाहावा. ठाणे सोडण्याचा हुकूम येतो. हेलिकॉप्टरात जागा फक्त अमेरिकनांसाठी. स्थानिक शिबंदीने आपले आपण पाहावे. कोर्सी हेलिकॉप्टरात बसण्याचे नाकारतो. ज्यांच्याबरोबर लढलो, त्यांना टाकून जाणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे असते. आणि आयुष्यभर हुकमांचा उपहास करीत ते पाळीत आलेला बार्कर खाली उतरून त्याच्याबरोबर राहतो. रात्री माघार घेताना सर्वांची वाताहत होते. बार्कर मारला जातो. सकाळी त्याचे प्रेत विवस्त्र पडलेले दिसते. जखमी कोर्सी त्या फ्रेंच कबरस्तानात येतो. तेथे शत्रूकडील एक एकाक्ष म्हातारा त्याच्यावर बंदूक रोखतो, पण चाप ओढीत नाही. तोही थकलेला आहे. मग पडद्यावर सालाचा आकडा तेवढा उमटतो : १९६४. या बोलपटाचे प्रेक्षक १९७८ सालचे होते. १९६४ नंतर काय काय झाले, हे त्यांस माहीत होते. म्हणून त्या चार आकड्यांत जे दुःख साठले आहे, ते लाखो डॉलरांच्या स्फोटांत साठले नसते.

म्युक वाच्या कबरस्तानात जे फ्रेंच निजले आहेत, त्यांची कथा सांगणारा एक बोलपट याच्या तेरा वर्षे आधी निघाला होता. ‘३१७ वी तुकडी’ अशा अर्थाचे फ्रेंच नाव असलेला तो बोलपट पिएर शोंडर्फर यांनी १९६५ साली स्वतःच्याच कादंबरीवरून केला. शोंडर्फर हे दिएन बिएन फू येथे सेनेचे छायाचित्रकार होते आणि १९५४ साली ते ठाणे पडले तेव्हा कैद झाले होते. त्यांचे छायालेखक राऊल कुतार यांनीही इंडोचायनात वर्षे काढलेली. कंबोडियाच्या खऱ्या पावसात आणि खऱ्या चिखलात, काळ्यापांढऱ्या फितीवर, थोड्या माणसांनिशी हे चित्र काढले गेले. मे १९५४ मध्ये चार फ्रेंच आणि एक्केचाळीस स्थानिक शिपायांच्या तुकडीस आपले ठाणे सोडून दुसऱ्या ठाण्याकडे माघार घेण्याचा हुकूम येतो, येथून ही कथा सुरू होते. म्हणजे ठाणे राखण्याचा प्रश्नच येथे निकालात निघालेला आहे. उरले आहे ते चालणे, जखमींना वाहणे आणि एकेक माणूस कमी होणे. नवशिका लेफ्टनंट आणि मुरलेला सार्जंट विल्सडोर्फ यांचे नाते फार संयमाने रंगविले आहे. विल्सडोर्फ हा आल्सास प्रांताचा. मागील महायुद्धात जर्मनांनी त्यास सक्तीने आपल्या सैन्यात घेतले होते. झेंडे बदलले तरी शिपायाचे चालणे तेच राहते, हे त्याच्या एका चरित्रावरून कळते. ठाण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकनांनी हा बोलपट पाहिला असता, तर म्युक वाला जाण्याची त्यांस गरज पडली नसती, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

तिसरा बोलपट या दोहोंपेक्षा ओबडधोबड आहे. ब्रायन ट्रेंचर्ड-स्मिथ या ऑस्ट्रेलियात नाव मिळविलेल्या दिग्दर्शकाने १९८९ साली फिलिपाइन्समध्ये चित्रित केलेला ‘द सीज ऑफ फायरबेस ग्लोरिया’ हा तो बोलपट. यात भडकपणा आहे, रक्ताची अकारण उधळण आहे, आणि काही संवाद कानास टोचतात. मुख्य भूमिका करणारा आर. ली अर्मी हा स्वतः मरीन दलात नोकरी केलेला, म्हणून त्याच्या हुकमांत नाटकीपणा कमी आणि सवय अधिक जाणवते. परंतु आमच्या दृष्टीने या बोलपटाचे महत्त्व निराळे आहे. ठाण्याबाहेरचा शत्रू येथे केवळ काळोख राहत नाही. त्यास काओ वान नावाचा सेनानी मिळतो. तोही आपली माणसे मोजतो, त्यासही वरून हुकूम येतात. १९६८ सालच्या तेत सणातील त्या मोठ्या हल्ल्यात दक्षिणेतील आपल्या गनिमी तुकड्यांचा बळी जाणार, आणि उत्तरेकडील धन्यांस त्याचे दुःख होणार नाही, हे त्यास कळून चुकते. तारेच्या दोन्ही बाजूंस एकच प्रश्न उभा राहतो, हे दाखविण्याचा मोठेपणा या खडबडीत चित्रात आहे. ‘ग्रीन बेरेज’मध्ये तो नाही.

येथवर आम्ही या बोलपटांची बाजू घेतली. आता त्यांचा दोषही सांगितला पाहिजे. थर्मोपिली म्हटले की आपणांस तीनशे स्पार्टन आठवतात. परंतु हेरोडोटस सांगतो की, थेस्पिया नगराचे सातशे लोकही शेवटपर्यंत तेथेच राहिले आणि मेले. त्यांची नावे कोणी घेत नाही. व्हिएतनामातील खऱ्या ठाण्यांवरही हेच झाले. ६ जुलै १९६४ रोजी नाम दोंग येथील ठाण्यावर मोठा हल्ला झाला. ठाण्यात बारा अमेरिकन, एक ऑस्ट्रेलियन आणि तीनशेहून अधिक स्थानिक शिपाई होते. ठाणे राहिले. दोन अमेरिकन आणि तो एक ऑस्ट्रेलियन मारले गेले. स्थानिक मृतांची संख्या पन्नासच्या वर होती. ठाण्याचे प्रमुख कॅप्टन रॉजर डॉनलन यांस या युद्धातील पहिले सर्वोच्च अमेरिकन शौर्यपदक मिळाले, आणि ते योग्यच होते. पण पन्नासांवर माणसे ज्यांनी वेचली, त्यांची कथा कोणत्या बोलपटात आहे? आम्ही वर्णिलेल्या चांगल्या बोलपटांतही स्थानिक माणूस कैद्यांचा छळ करणारा दुभाषा असतो, लबाड सुभेदार असतो, किंवा फसविणारी मुलगी असते. घर, नाव आणि स्वतःचा विचार असलेला माणूस तो क्वचितच होतो. ‘स्पार्टन्स’मधील कोर्सी शिबंदीसाठी हेलिकॉप्टर नाकारतो, पण त्या शिबंदीतील एकाशीही आपली नीट ओळख झालेली नसते. बोलपटाचे हृदय योग्य जागी आहे. डोळे मात्र अजून अर्धेच उघडलेले आहेत.

ही उणीव भरून काढणारा बोलपट पाहावयाचा, तर व्हिएतनाममध्येच गेले पाहिजे. न्गुएन होंग सेन यांचा १९७९ सालचा एक बोलपट आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘ओसाड शेत’ असा होतो. १९८१ साली मॉस्कोच्या महोत्सवात त्यास सुवर्णपारितोषिक मिळाले. युद्धाने पोळलेल्या गरीब देशाने तो काढला, हे त्याच्या साध्या सामग्रीवरून दिसतेच. मेकाँगच्या खोऱ्यातील पाणथळ प्रदेशात एक नवरा, बायको आणि त्यांचे तान्हे मूल एका झोपडीत राहतात. गनिमांचे दळणवळण चालू ठेवणे हे त्यांचे काम. म्हणजे त्यांचे ठाणे ते हेच. वरून हेलिकॉप्टरे घिरट्या घालतात, तेव्हा आईबाप मुलास पिशवीत घालून पाण्याखाली नेतात. हा प्रसंग पाहताना ठाण्याच्या बोलपटांतील सर्व पोती, तारा आणि तोफा क्षणभर पोरकट वाटू लागतात. हा बोलपट एका पक्षाचा आहे, हे उघड आहे. तरीही शेवटी पडलेल्या अमेरिकन वैमानिकाच्या खिशातून त्याच्या बायकोमुलाचे चित्र बाहेर येते, आणि पक्षाच्या पलीकडचे काहीतरी दिसून जाते. या कुटुंबाला विशाळगड कोठे आहे, असे विचारावे लागत नाही. तो त्यांच्या हातांत, त्या पिशवीत असतो.

इतिहासाचा निकाल सर्वांस माहीत आहे. खे सान येथील ठाणे अमेरिकनांनी जानेवारी १९६८ पासून सत्त्याहत्तर दिवस वेढा सोसून राखले, आणि त्याच वर्षीच्या जुलैत आपण होऊन सोडून दिले. १९७३ च्या मार्चअखेर त्यांच्या लढाऊ पलटणी परतल्या. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले. त्या दिवसांत हेलिकॉप्टरात जागा कोणास आणि कोणास नाही, हा म्युक वाचाच प्रसंग मोठ्या प्रमाणावर घडला. लहानशा बोलपटाने कल्पनेने जे दाखविले, ते इतिहासाने आधीच करून ठेवले होते.

आमच्या घरांतील मुलांनी असे बोलपट पाहू नयेत, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी ते पाहावेत. पण वडिलांनी शेजारी बसावे, आणि शेवटचा बार झाल्यावर दिवा लावून त्यांना दोनच प्रश्न विचारावेत : हे ठाणे कोणासाठी राखले? आणि ज्यांची नावे आपणांस कळली नाहीत, ते कोण होते? पहिल्याचे उत्तर ‘गो टेल द स्पार्टन्स’सारखा बोलपट प्रांजळपणे देतो, म्हणून तो आम्हांस मोलाचा वाटतो. दुसऱ्याचे उत्तर तोही पुरतेपणी देत नाही. खिंडीची कथा मुलांस सांगताना आपणही बाजीप्रभूंचे नाव घेतो आणि बांदलांचे पुष्कळदा विसरतो. तेव्हा या बाबतीत दोष देण्यास निघालेल्याने प्रथम आपल्याच घरातील कथा पुरती सांगावी, हे बरे.